पट्ट्याचं माणसाकडचं टोक

मला वाटलं होतं, कुत्र्याला शिकवायचं असतं. मुंबईत बॉम्बशोधक व नाशक पथकात सहायक हँडलर म्हणून रुजू झाले, तेव्हा तारा माझ्या आधीपासून तिथे होती आणि तिचं शिक्षण पुरं झालेलं होतं. बसणं, थांबणं, शोधणं, सगळं तिला येत होतं. मग मी नेमकं काय करायचं, हे कितीतरी दिवस मला उमगेना.

कामं भरपूर होती. सकाळी तिची खोली धुवायची, अंगावरून ब्रश फिरवायचा, कान उलटे करून आत बघायचं, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का ते चाचपायचं. आमच्या मंगळवेढ्याकडे प्रत्येक वस्तीवर कुत्रं असतं, पण त्याचा कान उलटा करून कोणी बघत नाही. माझ्याबरोबरचे मुख्य हँडलर, ज्यांना मी दादा म्हणते, ते जमीन आधी स्वतःच्या तळव्याने तपासतात. डांबर तापलेलं असेल तर ताराला खाली उतरवत नाहीत.

उन्हाची भीती पायांपुरतीच नाही. उकाड्यात कुत्रं तोंड उघडून धापा टाकायला लागलं की त्याचं हुंगणं कमी होतं. दोन्ही कामं एकाच वेळी नीट होत नाहीत. आणि हुंगणं ही किती अजब गोष्ट आहे! माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात ३० कोटींपर्यंत. बाहेर पडणारा श्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून निघून जातो, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. मुंबईच्या दमट हवेत अशा नाकाला विश्रांती लागते, पाणी लागतं. ते कधी द्यायचं, हे ओळखणं माझं काम.

सरावात डबे ओळीने मांडलेले असतात. एकात स्फोटकाचा नमुना. तारा हुंगत जाते आणि त्या डब्यापाशी गप्प बसते. भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, कारण खऱ्या वस्तूला धक्का लागून चालणार नाही. बसली की चेंडू मिळतो. तिच्या दृष्टीने हा सगळा खटाटोप त्या चेंडूसाठी आहे. आरडीएक्स म्हणजे काय, ते फुटलं की काय होतं, हे तिला ठाऊक नाही. ते ठाऊक असलेली माणसं तिला पुढे नेतात, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एकदा ती बरोबर डब्यापाशी बसली आणि मी आनंदाने दादांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हा सराव धरायचा नाही. डबा कुठला ते तुला माहीत होतं."

"पण मी काहीच केलं नाही, दादा."

"तू केलं नाहीस. तुझ्या हाताने केलं."

हे समजायला मला फार वेळ लागला. मांजा हातात असला की वरची हवा बोटांना कळते, तसा पट्टा दोन्हीकडून बोलतो. माझं पाऊल किंचित रेंगाळलं, श्वास थांबला, की तिला ते कळतं. पुढे एका प्रयोगाबद्दल वाचलं. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हँडलर आणि श्वानांच्या १८ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इमारतीत शोधण्याजोगा वास कुठेच ठेवलेला नव्हता. हँडलरना मात्र सांगितलं होतं की वास असू शकतो, आणि लाल कागद दिसला तर तो त्याची खूण आहे. तरीही 'इथे सापडलं' अशा नोंदी पुन्हा पुन्हा झाल्या आणि लाल कागदापाशी जास्त झाल्या. वाचून माझी झोप उडाली. कुत्र्याचं नाक निर्दोष असलं तरी माझी अपेक्षा त्यात मिसळू शकते.

तेव्हापासून नमुना तिसरंच कोणी लपवतं. कुठे ते मला माहीत नसतं, दादांनाही नसतं. डोकं रिकामं ठेवून चालायचं, पण तिच्या अंगावरून नजर हलवायची नाही: शेपटीचा वेग, मान वळण्याची पद्धत, श्वासाचा आवाज. वारा कुठून येतोय तेही बघायचं. गणपतीच्या मंडपात पंखे चालू असले तर वास वस्तूपासून दूर जाऊन साचलेला असतो. धूप, कापूर, फुलं, माणसं, या सगळ्यातून तिला तो वेगळा काढायचा असतो.

खरं ओझं मला स्थानकावरच्या बेवारस बॅगेपाशी कळलं. लोक दोरीपलीकडे उभे, गाड्यांची घाई, अधिकाऱ्यांची नजर आमच्यावर. तारा बॅगेभोवती फिरली आणि न बसता पुढे गेली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ती बसली असती तर तिने सांगितलं असतं. ती बसली नाही म्हणून आता मला सांगायचं होतं. पुढची तपासणी यंत्रांनी आणि तज्ज्ञांनी केलीच, एकट्या नाकावर काही सोडत नाहीत. पण तेवढ्या क्षणापुरता तिचा 'नाही' माझ्या तोंडून जायचा होता.

पथकात झंजीरचं नाव आजही आदराने घेतात. १९९३च्या साखळी स्फोटांच्या काळात या लॅब्रेडोरच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं अशी नोंद सांगतात. नोव्हेंबर २०००मध्ये तो कर्करोगाने गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. हे आकडे ऐकताना मी विचार करते, तो ज्या बॅगांपाशी, ज्या गाड्यांपाशी थांबला नाही, त्या किती असतील? त्यांची मोजदाद कुठेच नाही. आणि मला तर रोजचं काम तेच दिसतं.

एक अडचण यातूनच येते. तास न् तास काहीच सापडलं नाही तर कुत्र्याचा उत्साह ओसरतो. म्हणून रिकाम्या शोधानंतर एखादा नमुना मुद्दाम ठेवतात, तो तिला शोधू देतात आणि चेंडू देतात. ते काम हल्ली माझ्याकडे आलं आहे. नमुना मी लपवते, पट्टा दादा धरतात, आणि कुठे ठेवलाय हे त्यांना सांगायचं नाही.