वणी ते नागपूर : सायकलवरच्या आठवणी

सायकल म्हणजे काय, हे वणीच्या माणसाला सांगावे लागत नाही. कोळसा खाणीची पाळी, जिनिंगमधले काम, आठवडी बाजार, पोरांची शाळा, सारे दोन चाकांवर चालत आले आहे. याच सायकलवर आपल्या महाराष्ट्रातली माणसे जगही फिरली. 1923 साली मुंबईहून काही पारशी तरुण निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे 1928 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. आमची मजल एवढी मोठी नव्हती. 1994 च्या ऑक्टोबरात आम्ही पाच जण वणीहून नागपूरच्या दीक्षाभूमीला गेलो. दोनच दिवसांचा प्रवास, पण त्याच्या गोष्टी आजही घरात निघतात.

पहाटेच निघालो. कॅरिअरला सतरंजी, पंप, पान्हा, सोल्युशनची ट्यूब आणि भाकर-ठेचा. वर्धा नदीच्या पुलापर्यंत कोळशाच्या ट्रकांनी आमचे पांढरे सदरे काळे करून टाकले. नदीवर तोंडे धुतली, तेव्हा कुठे एकमेकांना ओळखू आलो! पुढे वरोऱ्याला आनंदवन. 1985 मध्ये बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून 'भारत जोडो' काढले, तेव्हा तरुण मुले-मुली सायकलवर होती आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसू न शकणारे बाबा गाडीत आडवे पडून सोबत होते. ते आठवून आमच्या पायांना जोर आला.

दुपारी एका गावात पाणी मागितले. ओसरीवरच्या गृहस्थाने आधी गाव विचारले, मग आडनाव. आडनाव ऐकले आणि पाणी आणायला आत गेलेला गडवा बाहेर आलाच नाही. आमच्यातला सर्वांत लहान सोळा वर्षांचा होता. तो म्हणाला, "परत जाऊ." त्याला तहानेपेक्षा ते विचारणे लागले होते.

कोस-दीड कोसावर एक म्हातारी कापूस वेचत होती. आम्हाला पाहून तिनेच हाक मारली, "या रे बापाहो, पानी प्या!" आम्ही आधी कोण ते सांगू लागलो, तर म्हणाली, "नाव राहू दे. तहान लागली नं?" पाच जणांनी तिचे मडके रिकामे केले. नंतर जामपर्यंत तो पोरगा सर्वांच्या पुढे सायकल हाणत होता.

पुष्कळ वर्षांनी प्रद्युम्नकुमार महानंदिया यांची हकिकत वाचनात आली. जन्म ओडिशातल्या अस्पृश्य कुटुंबात. शाळेत वर्गाबाहेर बसावे लागे. पुढे ते चित्रकार झाले. 1977 मध्ये जुनी सायकल घेऊन ते दिल्लीहून स्वीडनला, आपल्या पत्नीकडे निघाले. अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असा मुलूख मागे टाकला. युरोपातला शेवटचा टप्पा आगगाडीने केला. वाटेत लोकांची चित्रे काढायची आणि त्याबदल्यात जेवण वा मुक्काम मिळवायचा. ज्याला गावच्या शाळेने दाराबाहेर बसवले, त्याला परमुलखातल्या अनोळखी माणसांनी घासातला घास दिला. वाचताना आम्हाला ती कापूस वेचणारी आजी आठवली.

तेव्हा वाचकहो, मुलांना, आणि मुलींनाही, सायकलने शेजारचा तालुका तरी दाखवा. सोबत पंप द्या, सोल्युशन द्या आणि पाण्याच्या दोन बाटल्या द्या. एक त्यांच्यासाठी. दुसरी वाटेत ज्याला लागेल त्याला, आडनाव न विचारता द्यायची.