सोरायसिसमधला थकवा




सोरायसिस दिसतो कातडीवर, पण त्याचं मूळ रोगप्रतिकारक यंत्रणेत असतं. निरोगी त्वचेची पेशी तळाच्या थरातून वर येऊन झडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम चार-पाच दिवसांत उरकलं जातं. अर्धवट तयार झालेल्या पेशींचे थर साचतात आणि कोपर, गुडघे, कंबर, डोकं इथे लालसर चट्टे उठून त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. ही घाई करायला लावणारी रसायनं म्हणजे टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-17, इंटरल्यूकिन-23 आणि त्यांची भावंडं. आजार जोरात असला की दाहाचा हा परिणाम चट्ट्यांपुरता राहत नाही, रक्तावाटे अंगभर पोचतो.

थकव्याचा संबंध इथेच लागतो. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, अन्नावरची वासना उडते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. हे सगळं विषाणू करत नाही, शरीर स्वतःच करतं. बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यकाने 1988 मध्ये मांडलं की आजारी जनावराचं चारा टाकून कोपऱ्यात बसून राहणं हा निव्वळ अशक्तपणा नसतो, संसर्गाशी लढण्यासाठी शक्ती राखून ठेवण्याची ती शरीराची रीत असते. दाहाची रसायनं मेंदूला तसा निरोप देतात, काही रक्तातून, काही व्हेगस या मज्जातंतूमार्फत. फ्लूत हा निरोप चार दिवसांत थांबतो. सोरायसिसचा दाह वर्षानुवर्षं धुमसतो, म्हणून झोप होऊनही त्राण येत नाही. या थकव्याच्या उपपत्तींत ही सर्वांत पटणारी आहे, मात्र सगळा थकवा तिच्या खात्यावर टाकता येत नाही.

नॉर्वेतल्या स्टॅव्हँगर इथल्या संशोधकांनी सोरायसिसचे रुग्ण आणि त्यांच्याच वयाची निरोगी माणसं यांची तुलना केली, तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांत लक्षणीय थकवा आढळला. निरोगी गटात तो अगदी थोड्यांना होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. चट्टे किती पसरलेत यावरून थकवा किती असेल हे सांगता येईना. त्याचं नातं दुखणं, उदासी आणि धूम्रपान यांच्याशी अधिक दिसलं. ‘दोनच तर डाग आहेत, एवढं काय दमायचं?’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य म्हणूनच चुकीचं आहे, आणि ते डॉक्टरच्या तोंडी आलं तर जास्तच.

कातडी मोजायला पद्धत आहे: रुग्णाचा बोटांसकट तळवा म्हणजे अंगाचा अंदाजे एक टक्का. थकवा मोजायला प्रश्नावलीच लागते. फॅसिट या प्रश्नावलीत तेरा प्रश्न असतात. दिवसा झोपावं लागतं का, काम सुरू करणं जड जातं का, जेवायचाही कंटाळा येण्याइतकं दमायला होतं का, असे ते साधे प्रश्न. गुण शून्य ते 52. जितके कमी, तितका थकवा जास्त.

इतर कारणं शोधायची ती सांध्यांपासून. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांना पुढे संधिवात जडतो. सकाळी उठल्यावर अर्धा तास बोटं आखडलेली राहणं, टाच दुखणं, एखादं बोट सबंध सुजणं या त्याच्या खुणा. रात्री खाज सुटली की झोप तुटते, आणि खाजेवरच्या काही गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी कित्येकांना मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. फॉलिक ॲसिडने मळमळीला काहीसा उतार पडतो. रक्तदाबावरची बीटा ब्लॉकर औषधं तर दमवतातही आणि काहींचा सोरायसिसही वाढवतात. शिवाय रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, बी-12ची कमतरता, घोरताना श्वास अडकणं आणि नैराश्य आहेतच. यांतली बरीच साध्या रक्ततपासणीत सापडतात आणि त्यांवर इलाज आहे. ‘सोरायसिसमुळेच असेल’ म्हणून ती सोडून देणं योग्य नाही.

‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हा मात्र वेगळा आजार. त्यात थकवा सहा महिन्यांहून अधिक टिकतो आणि थोडे श्रम केले तरी नंतर, कधी दुसऱ्या दिवशी, प्रकृती एकदम ढासळते. सोरायसिस आणि थकवा एकत्र दिसले म्हणून हे निदान होत नाही.

दाह आटोक्यात आला की अनेकांचा थकवाही कमी होतो. टीएनएफ रोखणाऱ्या एटानरसेप्टची चाचणी 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यात औषध घेणाऱ्यांचा थकवा कमी झाला आणि त्याचा मेळ सांधेदुखी कमी होण्याशी बसला. म्हणून कातडी स्वच्छ होऊनही माणूस दमलेलाच राहिला, तर सांधे, झोप आणि मन पुन्हा तपासावं लागतं. रोजचं चालणं झेपेल तेवढ्यापासून सुरू करावं, सिगारेट सोडावी, वजन जास्त असेल तर उतरवावं. ‘ताकदीच्या’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड असलं तर आधी हुशारी वाटते, पण ते अचानक बंद झाल्यावर सोरायसिस पूभरल्या फोडांच्या रूपात अंगभर उसळू शकतो आणि रुग्णाला दवाखान्यात दाखल करावं लागतं.