सेंट अँड्र्यूजचें मैदान आणि तीन चाकांची गाडी

एडिंबरोहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी फोर्थच्या खाडीवरील, १८९० सालीं पुरा झालेला तो प्रचंड पोलादी पूल ओलांडून फाइफ परगण्यांत शिरते, आणि सुमारें तासाभरानें ल्यूकर्स नांवाच्या लहानशा स्थानकावर येऊन थांबते. सेंट अँड्र्यूज गांवास १९६९ पासून स्वतःचें स्थानक उरलेलें नाहीं. म्हणून येथें उतरून पुढें मोटारबस धरावी लागते. थोड्याच वेळांत एका बाजूस गवताचा विस्तीर्ण माळ, त्यापलीकडे उत्तर समुद्र आणि समोर जुन्या कॅथीड्रलचे भग्न सुळके दिसूं लागतात. १४१३ सालापासून नांदत असलेलें विद्यापीठ या गांवीं आहे; परंतु जगांत गांवाचें नांव झालें आहे तें त्या माळामुळें, व त्यावर चालणाऱ्या गोल्फ नामक खेळामुळें.

गोट्या व विटीदांडू खेळलेल्यांस हा खेळ समजावून देण्यास फारसे कष्ट नकोत. काठीनें चेंडू टोलवीत टोलवीत तो दूरच्या गलींत घालावयाचा. अशा अठरा गली, आणि कमींत कमी टोल्यांत जो त्या पुऱ्या करील तो जिंकला. लोक धनुर्विद्या सोडून या खेळाच्या नादीं लागले म्हणून १४५७ मध्यें स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें त्यावर बंदी घातली होती. पुढें १५५२ मध्यें आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेनें येथील माळावर खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क मान्य झाला. १७६४ सालीं बावीस गलींच्या अठरा झाल्या, आणि तोच आंकडा मग सर्वत्र रूढ झाला.

नवख्यास आश्चर्य वाटतें तें हें, कीं इतकें कीर्तिमान मैदान कोणा धनिकांच्या मंडळाच्या मालकीचें नसून सार्वजनिक आहे. पहिल्या व अठराव्या पट्ट्यास आडवा छेद देऊन समुद्राकडे जाणारा रस्ता सर्वांस मोकळा आहे. रविवारीं, मोठ्या स्पर्धांचे प्रसंग सोडले तर, जुन्या मैदानावर खेळ बंद असतो, आणि मुलेंबाळें, म्हातारेकोतारे व त्यांचीं कुत्रीं त्या हिरवळीवर खुशाल फिरत असतात. आणखी एक दंडक ध्यानांत घेण्याजोगा आहे. या मैदानावर मोटारगाडींत बसून फिरण्याची मुभा प्रकृतीच्या कारणावांचून मिळत नाहीं. खेळावयाचें तर चालावयाचें!

याच दंडकावरून आमच्या घरांत वाद उपस्थित झाला. आमचे थोरले बंधू निवृत्तीनंतर वर्षांतील सहा महिने पुण्यास आणि सहा महिने एडिंबरोस मुलाकडे राहतात. त्यांच्या पाठीच्या कण्यांतील एक चकती सरकलेली. डॉक्टरांनीं सांगितलें, “रोज चाला, पण खांद्यावर वजन घेऊं नका.” आतां चौदा काठ्या, चेंडू, छत्री, पाणी व पावसाळी कोट भरलेली पिशवी दहाबारा किलोंची सहज होते; आणि अठरा गलींचा फेरा सरळ मोजला तरी सहा किलोमीटरांचा, चेंडूमागें आडवेंतिडवें फिरल्यास आठांच्या घरांत जाणारा. पुतण्या म्हणाला, “बाबा, डॉक्टरांचा दाखला मिळेल. मोटारगाडी घेऊं, पैशांची काळजी करूं नका.” दादा म्हणाले, “दाखला मिळेल रे. पण एकदां बसलों कीं पुन्हा उठून चालण्याचा दाखला मला कोण देणार?” त्यावर कोणासच उत्तर सुचलें नाहीं. प्रश्न खेळाचा राहिला नव्हता; सत्तरीच्या उंबरठ्यावरील एका माणसाच्या चालत्या पायांचा होता.

पूर्वीं हें ओझें कॅडी वाहत. गेल्या शतकाच्याही आधींच्या काळांत, म्हणजे पिशव्यांची चाल पडण्यापूर्वीं, ते काठ्या मोकळ्याच काखेंत धरून चालत. चौदांहून अधिक काठ्या नेऊं नयेत हा नियम अमेरिकेंत १९३८ सालीं व ब्रिटनमध्यें १९३९ सालीं झाला. तोंवर वीस-पंचवीस काठ्यांचा भारा एखाद्या पोराच्या खांद्यावर लादला जाणें नवलाचें नव्हतें. चाकांची गाडी लोकप्रिय झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

आज दुकानांत तिचे मुख्यतः चार प्रकार दिसतात. पहिली दोन चाकांची ओढगाडी. ती हलकी व स्वस्त. परंतु ओढतांना एक हात सतत मागें राहतो, खांदा व कंबर पिळली जाते, आणि उतारावर ती टाचांना येऊन भिडते. दुखऱ्या पाठीस ती वर्ज्यच समजावी. दुसरी तीन चाकांची ढकलगाडी. ही पुढें चालते, दोन्ही हात दांडीवर राहतात, पाठ ताठ राहते, आणि चढावर शरीराचा सर्व भार कामीं येतो. तिसरी चार चाकांची. ती अधिक स्थिर असून कित्येकींची घडी लहान होते, परंतु जिचीं पुढचीं चाकें फिरतीं नसतात ती वळवितांना थोडी उचलावी लागते. चौथी विजेची. तिला ढकलावें लागत नाहीं. मात्र ती जड व महाग, आणि विमानानें नेण्यास अडचणीची. विमानांत १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशास नेतां येत नाहीं, आणि बारा व्होल्ट व सोळा अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तरी ती १९२ वॉट-तासांची भरते. जो मनुष्य दर सहा महिन्यांनीं समुद्रपार ये-जा करतो, त्यानें हा हिशेब आधींच मांडावा.

ढकलण्यानें व्यायाम कमी होईल, ही शंकाही निराधार आहे. अमेरिकेंत डेन्व्हर येथें नील वोल्कोडॉफ या संशोधकानें आठ खेळाडूंवर केलेले प्रयोग २००८ च्या सुमारास गाजले. नऊ गलींच्या खेळांत पिशवी स्वतः वाहणाऱ्यांनीं सरासरी ७२१ कॅलरी खर्च केल्या, गाडी ढकलणाऱ्यांनीं ७१८, कॅडीस सोबत घेऊन चालणाऱ्यांनीं ६१३ आणि मोटारगाडींत बसणाऱ्यांनीं ४११. खेळही गाडी ढकलणाऱ्यांचाच सर्वांत चांगला झाला, आणि पिशवी वाहणाऱ्यांचा सर्वांत वाईट. आठ माणसांवरून जगाचा सिद्धांत बांधूं नये हें खरें. तरी ओझें उतरलें म्हणजे श्रमाचें पुण्य उतरत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

गाडी घ्यावयास आम्ही सर्वच गेलों. दुकानदारानें चाकें व रंग दाखविले, वहिनींनीं पहिलाच प्रश्न केला, “घडी करून जिन्याखालीं मावेल का?” त्या एका प्रश्नानें निम्म्या गाड्या बाद झाल्या. दादांनीं मग राहिलेल्यांपैकीं प्रत्येक गाडीची घडी स्वतः केली, स्वतः उलगडली, आणि कमरेंतून न वांकतां ती मोटारीच्या डिकींत उंचीवर ठेवून पाहिली. पुतण्या मदतीस धांवला तेव्हां त्यास हातानेंच थांबविलें. दांडी कोपराच्या किंचित् खालीं येते कीं नाहीं, भरल्या पिशवीसह उतारावर ब्रेक धरतो कीं नाहीं, सरळ ढकलली असतां ती एका अंगास ओढ घेते काय, हें सारें पाहून त्यांनीं तीन चाकांची, सात किलोंच्या आंतली गाडी निवडली. समुद्रकांठच्या वाऱ्यांत उभी केलेली हलकी गाडी कलंडूं शकते. म्हणून मागील चाकांमधील अंतर रुंद असलेली घेतली.

पुण्याच्या कॅडीचें काय, असें मीं विचारलें. आपल्याकडे त्या मिळकतीवर कित्येक कुटुंबें चालतात. आणि १९९१ सालीं इंडियन ओपन स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हाही आरंभीं कॅडीच होता. दादा म्हणाले, “तो माझ्याबरोबर येईलच. वारा कोणता, जमिनीचा कल कोणीकडे, हें मला तोच सांगतो. गाडी आली म्हणून त्याची मजुरी कां कमी व्हावी? पाठ त्यालाही आहे.” मला हें म्हणणें सर्व कॅलरींच्या हिशेबापेक्षां मोलाचें वाटलें.

ज्या घरांत कोणी वडील मनुष्य फिरावयास, देवदर्शनास किंवा बाजारांत आपल्या पायांनीं जात असेल, त्या घरांतील तरुणांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. प्रेमापोटीं आपण त्यांचें ओझें घेतों आणि त्याच झपाट्यांत त्यांचें चालणेंही घेऊन बसतों. ओझें अवश्य उतरावें. त्यासाठीं गाडी असो, पिशवी असो कीं काठी असो, ती त्यांच्या हातीं देऊन त्यांच्याकडूनच पारखून घ्यावी. जी त्यांस एकट्यानें उघडतां, मिटतां व उचलतां येईल तीच त्यांची खरी सोबतीण. बाकीच्या कितीही सुंदर असल्या, तरी त्या जिन्याखालींच राहावयाच्या.