झिजेची साक्ष

मंगळावर कधीकाळी पाणी वाहत होते, हे आम्हाला पटले ते खड्यांमुळे. मरिनर ९ यानाने १९७२मध्ये तिथल्या कोरड्या पात्रांची छायाचित्रे धाडली होती. पण ती दुरून टिपलेली. २०१२मध्ये क्युरिऑसिटी ही फिरती गाडी गेल विवरात उतरली. तिथे खडकात घट्ट बसलेले गोल खडे दिसले. त्यांतले काही वाऱ्याने वाहून येणार नाहीत एवढे मोठे. म्हणजे कडा झिजल्या त्या पाण्यात घरंगळून. घोट्यापासून कमरेपर्यंत खोल ओढा असावा, असा शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. आम्हाला आमच्या घरातला खोलगट झालेला पाटा आठवला. त्यावर मसाला वाटणाऱ्या दादी-नानींची नावे कुठल्याही कागदावर नाहीत. त्यांच्या कष्टांची नोंद त्या दगडावर आहे. ती वाचायला आम्ही शिकले पाहिजे.