दोन घरचा पाहुणा

लाकडी खोक्यावर धूळ बसली होती आणि त्या धुळीत कुणीतरी बोटानं 'अर्जंट' असं लिहिलं होतं.

खोक्यात एका ब्रॅकेटचं चेकिंग फिक्स्चर होतं. चाकणच्या ज्या प्रेसशॉपमध्ये मी तेव्हा नव्या पार्टांचं प्लॅनिंग बघायचे, तिथं ते स्टोअरच्या दाराशी अकरा दिवस पडून होतं. जायचं होतं कॅलिब्रेशनला. टूलरूमवाले म्हणाले, "आमचं फिक्स्चर कधीच रेडी आहे." क्वालिटीवाले म्हणाले, "आम्ही रिपोर्टची वाट बघतोय." दोघंही खरं बोलत होते. फक्त लॅबला पाठवायचं रिटर्नेबल चलन कुणी करायचं, हे ठरलं नव्हतं. ओपन पॉइंट्सच्या एक्सेल शीटमध्ये त्या ओळीपुढे, रिस्पॉन्सिबिलिटीच्या रकान्यात होतं : 'टूलरूम / क्वालिटी'. खोकं अडकलं होतं ते त्या तिरक्या रेघेत. आणि ती रेघ मीच टाइप केली होती, मीटिंगमध्ये वाद नको म्हणून.

आमच्या पट्ट्यात नवा पार्ट म्हणजे एपीक्यूपी, म्हणजे पार्टाच्या गुणवत्तेचं आगाऊ नियोजन. क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून 1994 साली पुरवठादारांसाठी ही पद्धत पुस्तकात बांधली आणि आज भोसरीच्या गाळ्यातसुद्धा हा शब्द चहाबरोबर ऐकू येतो. शेवटी पीपीएपीची, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीची, 18 बाबींची फाईल मंजूर झाली की पार्ट सुटला. साध्या ब्रॅकेटच्याही शंभरेक ओळी सहज होतात, आणि त्यातलं निम्मं काम आपल्या छपराखाली होतच नाही. डाय एकाकडे, हार्डनिंग दुसऱ्याकडे, प्लेटिंग तिसऱ्याकडे.

खोक्याच्या प्रकरणानंतर कंपनीनं सॉफ्टवेअर घेतलं. ट्रेलोच्या कार्डावर हवी तेवढी माणसं चिकटवता येतात. जिरा आणि आसना मात्र एका कामाला एकच नाव घेतात. आमचंही एकनावी होतं. मला वाटलं, गेली ती रेघ.

आठवडाभरात यादीत 'टूलरूम' नावाचा यूजर दिसायला लागला. चौघांत एक लॉगिन, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. मी तो बंद केला, तर सगळ्या ओळी खातेप्रमुखांच्या नावावर गेल्या. त्यांच्या स्क्रीनवर इतकं लाल साचलं की त्यांनी सॉफ्टवेअर उघडणंच सोडून दिलं. त्यांचं काय चुकलं? 'चलन करणे' हे काम साहेबांच्या नावावर टाकणं म्हणजे ते कुणाच्याच नावावर नसणं.

या विषयावर ट्रेनिंगवाले 'रेसी' नावाचा तक्ता शिकवतात, चार इंग्रजी अक्षरांचा. त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांचा फरक समजावताना ट्रेनरची दमछाक मी अनेकदा पाहिली आहे. मराठीत त्याला एक मिनिट लागतं : करणारा आणि करवून घेणारा. उरलेले दोन म्हणजे ज्याला विचारायचं तो आणि ज्याच्या कानावर घालायचं तो. सॉफ्टवेअरच्या चौकटीत नाव जायला हवं ते करवून घेणाऱ्याचं, असं माझं मत आहे. पुष्कळ जण करणाऱ्याचं घालतात आणि वाद घालतात. मी त्यांना एवढंच विचारते : तारीख हुकणार असं कळलं तर पहिला फोन कोण करणार? त्याचं नाव घाला.

आमच्याकडे खरा घोळ चौथ्या माणसाचा. कानावर घातलं म्हणजे सोपवलं, असा समज घट्ट बसलेला आहे. "मेल टाकलाय ना" या वाक्यानं जेवढ्या तारखा खाल्ल्या, तेवढ्या बंद पडलेल्या प्रेसनंही खाल्ल्या नसतील. शिवाय आपली भाषाही पळवाट देते. 'गेज पाठवायचंय' या वाक्यात कर्ता शोधून दाखवा! म्हणून मी कामाचं शीर्षक परत लिहून घेते : 'चलन करून गेज लॅबच्या गाडीत चढवणे, पावतीचा फोटो जोडणे'. पोरं हसतात. हसू देत.

फॉर्म तयार करणाऱ्यांनाही हा अनुभव आला असावा. अमेरिकेच्या एआयएजी आणि जर्मनीच्या व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांनी 2019 साली एफएमईएचं, म्हणजे काय-काय बिघडू शकतं ते आधीच शोधायच्या पद्धतीचं, एकत्र हँडबुक काढलं. त्याच्या तक्त्यात जबाबदार व्यक्तीचं नाव मागितलंय. हुद्दा नको, खातं नको.

गुरुवारचीही एक गंमत. आमच्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि सॉफ्टवेअरला ठाऊक शनिवार-रविवार. पहिल्या महिन्यात त्यानं निम्म्या तारखा गुरुवारवर नेऊन ठेवल्या. रविवारी आम्ही सगळे कामावर, आणि त्याच्या हिशेबात घरी झोपलेलो. कॅलेंडर बदलायचं काम कुणाच्या नावावर होतं? नव्हतंच.

डायचे इन्सर्ट आम्ही भोसरीत हार्डनिंगला देतो. भट्टीवाल्या काकांकडे लॉगिन नाही, त्यांना ते नकोही आहे. करणारे ते, पण ओळीवर नाव आमच्या परचेसच्या पोराचं. परवा बुधवारी रात्री साडेनऊला काकांनी व्हॉट्सॲपवर ट्रेमधल्या इन्सर्टांचा फोटो टाकला, खाली एकच शब्द : 'झाले'. मी ओळ हिरवी करायला निघाले, तर पोरगा म्हणाला, "मॅडम, थांबा. उद्या गुरुवार, गाडी शुक्रवारी येणार. हार्डनेस बघतो, मग मीच करतो."