म्हातारीचे हरभरे

आमच्या कुत्र्याचे नाव वाघ्या. नाव ठेवताना जरा घाईच झाली, हे आता कबूल करायला हरकत नाही. नगर-मनमाड रस्त्यावरच्या मालमोटारींवर तो ज्या आवेशाने धावून जातो, तो पाहणाऱ्याला नाव अगदी सार्थ वाटेल. पण हस्त नक्षत्र लागून प्रवरेपलीकडे ढग जमू लागले, की हा वाघ न्हाणीघरात शिरतो आणि तिथल्या जुन्या तांब्याच्या बंबामागे अंग चोरून बसतो.

आमच्या कोल्हारात खरे म्हणजे गडगडाट ही आनंदाची वार्ता. भंडारदऱ्याच्या पाण्यावर या भागात ऊस उभा राहिला, तरी आभाळातल्या पाण्याची ओढ काही गेलेली नाही. ढग वाजले की माणसे ओसरीवर येऊन वर पाहतात. अशा वेळी घरातला एकच प्राणी थरथरत असतो, आणि आम्ही त्याला हसतो.

त्याला कळते तरी आमच्या आधी. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याच्या कानाला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. शिवाय आपल्या कानावर न येणारे दूरचे हलके आवाजही तो टिपतो. एकदा का गडगडाटाची धास्ती बसली, की पडलेला वारा आणि अंधारून आलेले अंगणही त्याला पुरते. पण मला वाटते, खरी गोम कानात नाही. मालमोटारीवर भुंकले की मालमोटार निघून जाते. रोजचा अनुभव आहे त्याचा. आभाळावर भुंकून काय जाणार? आवाज चहूकडून येतो. धावून जायचे तरी कोणावर आणि पळायचे तरी कुठे?

आपले बरे असते. वीज चमकताच आपण आकडे मोजतो. तीन सेकंदांना एक किलोमीटर, असा सोपा हिशेब. विजेच्या वाटेवरची हवा क्षणार्धात तीस हजार अंशांच्या आसपास तापते आणि एकदम फाकते, तोच हा आवाज, हे आपण पुस्तकात वाचलेले असते. त्याही आधी, मी चार वर्षांचा असताना, आईने मला कुशीत घेऊन सांगितले होते, "काही नाही रे, ढगात म्हातारी हरभरे भरडतेय." तेवढ्याने मी निजलो. वाघ्याला ना हिशेब ठाऊक, ना म्हातारी.

हे शहाणपण मला फार उशिरा सुचले. लहानपणी आमच्याकडे मोत्या होता. दिवाळीत पहिला फटाका वाजला की तो कणगीआड दडे, आणि आळीतली पोरे मला चिडवीत, "तुझं कुत्रं भित्रं!" मी दहा-अकरा वर्षांचा. मोत्याला धीट करायचे मी मनावर घेतले. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मी त्याला अंगणातल्या निंबाला बांधले, आणि चार हातांवर लवंगीची माळ पेटवली. तो ओढाताण करू लागला. दुसऱ्या माळेला थरथरला, जागीच मुतला. तिसऱ्या माळेला मात्र अगदी स्तब्ध उभा राहिला. "भीती मोडली!" मी आनंदाने ओरडलो.

नाना बाहेर आले. त्यांनी न बोलता मोत्याची दोरी सोडली. मग म्हणाले, "अरे, त्याला पळायला वाट नव्हती, म्हणून उभा राहिला तो."

मोत्या पुढे आठ वर्षे जगला. माझ्या हातची भाकरी तो खाई, माझ्यामागून मळ्यात येई. पण दिवेलागणीला मी काडेपेटी हातात घेतली, की उठून जाई. फटाक्यांचा दिवस असो वा नसो.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की १९२४ साली लेनिनग्राडला नदीचा पूर चढला तेव्हा पावलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली होती. त्यांना कसेबसे वाचवले. नंतर खोलीच्या दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली, तरी त्यांतले एक कुत्रे पुन्हा बिथरले. ते वाचताना मला पाणी दिसलेच नाही, काडेपेटी दिसली.

आता आमच्याकडे दिवाळीच्या रात्री निराळी व्यवस्था असते. (वसुबारसेला गायीला ओवाळायचे आणि तिसऱ्या दिवशी तिच्या गोठ्यामागे सुतळी बाँब लावायचा, ही रीत आमच्या आळीत अजून आहे, भांडून पाहिले.) दिवस मावळण्यापूर्वी वाघ्याला फिरवून आणतो, खिडक्या लावतो, रेडिओ जरा मोठा करतो आणि बंबाशेजारी पाट टाकून बसतो. कुरवाळले तर कुत्रे आणखी भित्रे होते, असे पूर्वी सांगत. आता जाणते तसे मानत नाहीत. मानले असते तरी मी कुरवाळलेच असते. ओढून बाहेर मात्र काढत नाही. त्याची जागा त्याने निवडलेली आहे.

गेल्या लक्ष्मीपूजनाला रात्री दहा वाजून गेले तरी आवाज थांबेनात. दहानंतर फटाके उडवू नयेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २००५ सालचा. पण आमच्या आळीतली घड्याळे मागे चालतात. इतक्यात नात फुलबाजी अर्धी टाकून आत आली आणि माझ्या मांडीला टेकून बसली.

"आजोबा, याला म्हातारीची गोष्ट सांगितलीत का?"

"त्याला कळायची नाही ग."

"सांगा तर!"

मी सांगू लागलो. हरभरे किती पायली होते, जाते केवढे होते, म्हातारीला मदतीला कोण आले, अशी ती गोष्ट वाढतच गेली. बाहेर धडाडधूम चालूच होते. नात कधी झोपली कळले नाही. वाघ्या जागाच होता. त्याने बंबामागून फक्त मान पुढे काढून माझ्या पायावर टेकवली होती, आणि ती थरथरत होती. मी पाय हलवला नाही.