पहाऱ्याविना फॉक्सफेस

नागपुरात समुद्री मासा पाळायचा तर आधी समुद्र तयार करावा लागतो. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ विरघळवायचं. मे महिन्यात बाहेर पारा 45 अंशांवर गेला तरी चिलर लावून टाकीतलं पाणी 26 च्या आसपास राखायचं. माझा फॉक्सफेस मासा अशाच पाण्यात राहतो. अंग पिवळंधमक, तोंडावर काळे-पांढरे पट्टे.

तो आला तेव्हा दगडांवर हिरवं, केसाळ शेवाळ माजलं होतं. दिवसभर तो तेच खुडायचा. इवल्याशा तोंडात शेंडा धरायचा, अंगाला हिसडा द्यायचा, की पुढचा दगड. आता शेवाळ कमी पडलं की मी काचेला नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पात लावतो.

अशा गरीब जिवाच्या अंगात विष आहे, हे घरात कुणाला पटेना. पाठीवर 13 काटे, शेपटीकडच्या खालच्या परात 7, पोटाच्या दोन्ही परांत दोन-दोन. काट्यांच्या खाचांत विषग्रंथी. एका रात्री मी दगड सरळ करत असताना लाइट गेली. मासा बिथरून हातावर आदळला आणि कोपरापर्यंत आग उठली. टॉर्च लावला, तर पिवळा रंग गायब, अंगभर तपकिरी चट्टे, सगळे काटे ताठ. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला, तेव्हा कळ ओसरली. उष्णतेनं या विषातली प्रथिनं निकामी होतात. आई म्हणाली, “चरनाऱ्या जीवाले काटे असनारच ना बाबू, नाहीतर त्याले वाचवनार कोन?”

तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. हे विष शिकारीसाठी नाही, निव्वळ बचावासाठी आहे. पश्चिम प्रशांत महासागरात, इंडोनेशियापासून ग्रेट बॅरियर रीफपर्यंत, फांद्याफांद्यांच्या प्रवाळांत हे मासे मोठेपणी जोडीनं राहतात. फटीत डोकं घालून चरताना आजूबाजूचं दिसत नाही. म्हणून एक चरतो, दुसरा पहारा देतो आणि मग पाळी बदलतात, असं ग्रेट बॅरियर रीफवरच्या 2015 च्या अभ्यासात दिसून आलं.

हे वाचल्यावर माझ्या टाकीतल्या माशाचं एकटेपण मला फार लागलं. त्याचा पहारेकरी मागेच राहिला. दुकानात मिळणारे फॉक्सफेस बहुतेक समुद्रातूनच पकडलेले असतात; आणि शेवाळ खाणारे मासे घटले, तर तेच शेवाळ प्रवाळांवर चढून त्यांची वाढ रोखतं. याला मी शेवटपर्यंत सांभाळीन, पण दुसरा आणणार नाही. टाकीची काच मला घासता येते. प्रवाळांवरचं शेवाळ चरायला तिथे हेच मासे हवेत.